अत्तराच्या बाटलीतलं तिखट

मार्गासनीच्या फाट्यावर रत्नाबाईचं मिरची कांडप आहे. शिमगा जवळ आला की वाड्यावस्त्यांवरच्या बायका वर्षाचं तिखट करायला डोक्यावर पाट्या घेऊन येतात आणि आपली मिरची दुसरीच्या मिरचीत मिसळू नये म्हणून यंत्राशेजारी ठाण मांडून बसतात. तोंडाला पदर, तरी शिंकून, खोकून बेजार. रत्नाबाई मात्र उघड्या तोंडानं, उघड्या हातांनी तिखट खालीवर करते. वीस वर्षांत तिला ठसका लागलेला कुणी पाहिला नाही. "रत्ने, तू मानूस हायेस का सांडशी?" बायका म्हणायच्या, आणि ती फुशारकीनं दोन्ही हात पुढं करून दाखवायची. त्याच फुशारकीनं पुढं घात केला.

तिची अश्विनी नसरापूरला कॉलेजात होती, दुसऱ्या वर्षाला. संध्याकाळी एसटीतून उतरून ओढ्यापलीकडच्या घरी मैलभर चालत यायची. दिवाळीपासून ओढ्याच्या मोरीवर बंडू मोटारसायकल आडवी लावून उभा राहू लागला. आधी नुसतं बघणं, मग बोलणं, मग गाडी अंगाला घासेल इतकी जवळून नेणं. पोरीनं हे आईला सांगितलं ते माघात, तेही भाकरी मोडता मोडता, मान वर न करता.

बंडू काही आकाशातून पडला नव्हता. ठकुबाईचा धाकटा. ठकुबाई म्हणजे कांडपाचं पहिल्या दिवसापासूनचं गिऱ्हाईक. नव्या यंत्राला हळदकुंकू वाहिलं ते तिनंच. तिच्या दारात जाऊन "आक्का, पोराला आवरा" एवढंच म्हणायचं होतं. पण ते तोंडातून निघेना. बोललं की वाडीभर होणार, वाडीभर झालं की खेड शिवापूरच्या कंपनीत असलेल्या बाजीरावांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, कानावर जाणार. आणि बाजीराव म्हणणार, "बास झालं कॉलेज." त्यांचं एकदा नाही म्हणजे नाही, मग ब्रह्मदेवाचा बाप खाली उतरला तरी.

अश्विनीनं मोबाईलवर दाखवलं, माणसाच्या डोळ्यांत मारायचा मिरचीचा फवारा विकत मिळतो. रत्नाबाईला हसू आलं. "मिरचीच्या घरात ऱ्हाऊन मिरची इकत आनायची व्हय?"

मिरचीची आग पाण्याला दाद देत नाही, ती तेलात उतरते, हे कालवणावरची तर्री बघून कुठल्याही बाईला कळतं. तिनं लवंगी मिरचीचं बी तेलात मुरवलं, गाळलं, मनगटावर थेंब टाकून पाहिला. काही नाही. जिभेला लावला. किंचित. "फुळकवनी हाय," म्हणाली, आणि आणखी बी घातलं. असं चारदा. अगं बाई, जो हात वीस वर्षं मिरचीत बुडालाय, त्यालाच विचारतेस आग होते का? शेजारणीच्या मनगटावर एक थेंब टाकला असता तर तिनं वाडी डोक्यावर घेतली असती. पण शेजारणीला विचारणार कसं? सगळा खटाटोपच कुणाला कळू नये म्हणून चाललेला.

अत्तराच्या फवाऱ्याच्या रिकाम्या बाटलीत ते तेल भरलं, पोरीच्या पिशवीत घातलं, आणि त्या दिवशी रत्नाबाई पोटभर जेवली.

शिमगा होऊन आठवडा झाला असेल. उन्हं उतरताना बंडूनं मोरीवर अश्विनीची ओढणी धरली. तिनं बाटली काढून दाबली. अत्तर उडतं तसं तेल उडत नाही, फवारा तुंबला. घाबरून तिनं अंगठ्याचा जोर लावला तसं बाटलीच्या तोंडावरचं झाकणच निसटलं आणि तेल तिच्याच हातावर, तिच्याच डोळ्यांत. बंडूच्या अंगावर शिंतोडा नाही. ती किंचाळली तशी त्यानं गाडीला किक मारली आणि पसार झाला. पोरगी चाचपडत ओढ्यात उतरून पाणी मारत बसली. तेलाला पाण्यानं काय होणार! ते पसरतच गेलं. कांडप बंद करून मागून येणाऱ्या रत्नाबाईनं तिला तिथं पाहिलं, धावत जाऊन पदरानं डोळे पुसायला गेली, तर त्या पदरातही दिवसभराचं तिखट.

दवाखान्यात डॉक्टरांनी डोळे धुऊन पट्ट्या बांधल्या. बुबुळांना जखमा आहेत म्हणाले, नजर कितपत येते ते आत्ताच सांगता येणार नाही. परीक्षा सहा दिवसांवर होती. "हे बनवलं कुणी?" त्यांनी विचारलं.

"म्या. पर म्या चाखून बघितलं हुतं, डाक्टर."

हे तिनं तीनदा सांगितलं. लोकांना मात्र सांगितलं की कांडपावर मिरची उडाली. बाजीरावांनाही फोनवर तेच. अश्विनीनं हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही.

चौथ्या दिवशी ठकुबाई मिरचीची पाटी घेऊन आली. "पोरीच्या डोळ्यात तिखट ग्येलं म्हनं? जपायचं न्हाई का गं? आमचा बंडू बी लई हळहळला."

हळहळला! रत्नाबाईनं यंत्र बंद केलं. "आक्का, दिवाळीपासनं तुमचा बंडू माझ्या पोरीची वाट अडवतुया. त्यानं वढनी धरली म्हून तिनं बाटली काढली. ती बाटली म्या भरली हुती."

ठकुबाई तोंडाला लावलेला पदर धरून तशीच बसली. भांडेल, शिव्या देईल, पाटी उचलून चालती होईल, असं रत्नाबाईला वाटलं होतं. "मला म्हाईत न्हवतं गं," ती शेवटी म्हणाली. "यिऊन नुसतं सांगितलं असतंस तर तंगडी मोडली असती म्या त्याची." मोडली असती की नसती, देव जाणे. पण ती रडत होती, आणि रडणं खोटं नव्हतं.

घरी आल्याआल्या रत्नाबाई अश्विनीच्या अंथरुणाशी बसली. "ठकुबाईला समदं सांगितलं म्या. तोंडावर सांगितलं."

पट्ट्या बांधलेलं डोकं तिच्या आवाजाकडं वळलं. "एवढंच हुतं, तर आधी का न्हाई सांगितलंस?"

"भ्याले," रत्नाबाई म्हणाली. "बंडूला न्हाई गं. तुझ्या बापाला. तुझं कॉलेज बंद करत्याल म्हून."

अश्विनीनं डोळ्यांवरची पट्टी चाचपली आणि म्हणाली, "आता त्यांना बंद करायची गरजच ऱ्हायली न्हाई, आई."