गच्चीवरचा नळ

“उघडायला बरी शिकली, आता बंद करायला कोण शिकवणार?” आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी काका म्हणाले.

“टाकी रिकामी करते मेली,” शेजारच्या काकू म्हणाल्या. “आजच काढून टाका तो नळ.”

गच्चीच्या दुसऱ्या टोकाला टेकडीवरची वानरीण नळाखाली पिल्लाला धरून बसली होती. पिल्लू पीत होतं, ती आमच्यावर नजर ठेवून होती. उन्हाळ्यात टेकडीवर पाण्याचा थेंब नसतो.

सकाळी आम्ही इथे कपडे धुतो, तेव्हा ती कठड्यावर बसलेली असते. आम्हाला वाटायचं, तिचा डोळा आमच्या वाळवणावर आहे. खरं तर ती आमचे हात बघत असणार. नळ कुठे धरायचा, कुठल्या बाजूला फिरवायचा, हे तिला कुणी सांगितलं नाही. नुसतं बघून ती शिकली आणि चारचौघांसमोर तिने ते करूनही दाखवलं, याचं मला फार कौतुक वाटलं. बघत तर मीही असते, शाळेपासून; पण चारचौघांसमोर पुढे व्हायला मला कधी जमलं नाही.

पिल्लानंतर ती प्यायली आणि दोघं कठड्यावरून निघून गेली. नळ वाहत राहिला. काका पाना आणायला वळले.

“राहू द्या, काका,” मी म्हणाले. “बंद मी करत जाईन.”