तीनदा चोळलेलं मीठ

आमच्या बाबांना कौतुकाचं वावडं होतं. त्यांच्या कामाला कुणी छान म्हटलं की ते त्या माणसाकडे संशयाने बघायचे, जणू त्याच्या ओठात एक आणि पोटात दुसरंच काहीतरी आहे. शिव्या घातल्या तर मात्र खुर्ची पुढे सरकवून ऐकायला बसायचे.

चौतीस वर्षं त्यांनी चिनी मातीच्या कारखान्यात भट्टी सांभाळली. तिथे हात धुवायची बेसिनं आणि कमोड बनायचे. "अर्धं शहर आपल्या मालावर बसतं," असं ते पाहुण्यांना सांगायचे, आणि आई चहा ठेवता ठेवता म्हणायची, "झालं, सुटली बढाई." भट्टीला घाई चालत नाही. एकदम तापवली तर माल तडकतो, एकदम निववली तरी तडकतो. त्यामुळे येता-जाता "दमाने, दमाने" म्हणायची त्यांना इतकी सवय लागली, की नवीन कामगार त्यांचं आडनावच दमाने आहे असं समजत. एकाने तसा पत्ता घालून लग्नाचं आमंत्रण पाठवलं, तेही पोस्टमनने बिनचूक आमच्याकडेच आणून टाकलं.

भट्टीतून माल निघाला की बाबा लाकडी हातोडीने एकेक नग हलकेच ठोकून बघत. धड असला तर खणखणीत वाजायचा. आत बारीकशी चीर असली तर बद्द वाजायचा, मग त्यावर लाल खडूची फुली. ती चीर डोळ्यांना दिसायची नाही, म्हणून विक्रीवाले रोज भांडायला यायचे. बाबा म्हणायचे, "आज तुम्ही लपवाल. उद्या गिऱ्हाईक गरम पाणी सोडेल तेव्हा काय कराल?" घरातही हाच खाक्या. मी शाळेत गणित शिकवते आणि जीभ माझी लहानपणापासूनच तिखट. नातेवाइकांत माझ्या तोंडी लागायला कुणी धजत नाही. बाबांना मात्र त्याचाच अभिमान होता. "थोरली आहे ना," म्हणायचे, "ती तोंडदेखलं बोलायची नाही."

ते निवृत्त झाले तेव्हा कारखान्यातल्या सोबत्यांनी त्यांना मांस धुरावर शिजवायची चिनी मातीची भट्टी भेट दिली. अंड्याच्या आकाराची, गडद हिरव्या झिलईची, कमरेएवढी उंच. भिंती दोन बोटं जाड. खाली हवा घ्यायला सरकती खिडकी, डोक्यावर धूर सोडायला फिरती टोपी. चौघांनी कुंथत उचलून ती मागच्या अंगणात ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून बाबा तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसू लागले. आईने तिचं नाव सवत ठेवलं. "सवतीचं तोंड पुसून झालं असेल तर जेवायला या," अशी हाक घरात वर्षभर ऐकू यायची.

वर्षअखेरची मोठी सुट्टी लागली की आम्ही सगळे घरी जमायचो: मी, धाकटा भाऊ, भावजय आणि आईचा भाऊ, म्हणजे आमचे मामा. सुट्टीचं मांस बाबाच करायचे. डुकराचा अख्खा खांदा. दोन दिवस आधी त्याला एक वाटी मीठ, अर्धी वाटी साखर आणि भरडलेली मिरी चोळून फ्रिजमध्ये ठेवायचे. सुट्टीच्या दिवशी पहाटे कोळसा पेटवायचे. पहिला पांढरा, डोळ्यांत जाणारा धूर निघून जाऊ द्यायचे. पातळ निळसर धूर दिसायला लागला की मगच मांस आत. ही भट्टी एकदा जास्त तापली की तासन्‌तास उतरत नाही, म्हणून ते खालची खिडकी जरा जराशी उघडत उष्णता चढवत न्यायचे. दुपारी कधीतरी मांस हटून बसायचं. मांसात खुपसलेल्या तापमापकावरचा आकडा दोन-दोन, तीन-तीन तास हलायचा नाही. अशा वेळी उतावळा माणूस आग वाढवतो किंवा झाकण उघडून बघतो. बाबा हाताची घडी घालून बसायचे. "त्याला त्याचं ठरवू दे," म्हणायचे.

संध्याकाळी मांस कापून सगळ्यांच्या ताटात वाढलं की ते स्वतः खायला बसायचे नाहीत. टेबलाच्या टोकाला उभे राहून फडक्याला हात पुसायचे आणि म्हणायचे, "हं, बोला." मग प्रत्येकाने एकेक खोट काढायची. पहिला मान माझा. पहिल्या वर्षी मी म्हटलं होतं, "बाबा, हे मांस नाही, भिजून वाळलेली चप्पल आहे." त्यावर ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले होते. धूर जास्त, साल चिवट, मिरी दाताखाली येते... दरवर्षी काही ना काही निघायचंच. मामांनी तर स्वतःच्या लग्नातल्या जेवणालाही नावं ठेवली होती, त्यांना काय शिकवायचं! सगळ्यांचं झालं की मगच बाबा पहिला घास घ्यायचे.

त्या वर्षी सुट्टीला सहा महिने असताना आईचा फोन आला. बाबा भाजी आणायला गेले आणि कारखान्याच्या फाटकावर जाऊन उभे राहिले. पहारेकऱ्याने घरी आणून सोडलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, बाबांना बाहेर बसवलं आणि आईला सांगितलं: विस्मरणाचा आजार आहे, बरा होणारा नाही, वाढत जाईल. आईने बाहेर येऊन बाबांना सांगितलं की अशक्तपणा आहे, गोळ्या दिल्यात.

बाबांना खरं सांगायचं की नाही, हा एकच प्रश्न त्या सुट्टीत घरभर फिरत होता. धाकटा म्हणाला, "सांगून काय मिळणार आहे?" आई म्हणाली, "एवढी सुट्टी जाऊ दे. एवढी एक त्यांना सुखाने करू दे." मी फोनवर तावातावाने म्हणाले होते की ही लपवाछपवी मला मुळीच पटत नाही, मी आले की सांगणार. आणि आल्यावर बाबांनी दार उघडलं, माझी पिशवी घेतली आणि विचारलं, "काय मास्तरीणबाई, यंदा काय म्हणून नावं ठेवणार?" माझं सगळं अवसान तिथेच गळालं.

दोन दिवस आधी सकाळी त्यांनी खांद्याला मीठ चोळलं. सावकाश, कडेकपारीत बोटं घालून. त्याच संध्याकाळी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर मांस पुन्हा ओट्यावर आणि बाबा पुन्हा मीठ चोळताहेत. वाटी तीच, गाणं गुणगुणणंही तेच. आई पलीकडे उभी होती. तिने ओठांवर बोट ठेवलं. ते झोपल्यावर तिने मांस नळाखाली धुतलं, पुसलं आणि परत ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी फ्रिज उघडला. "अगं, याला मीठ लावायचंच राहिलं की!" असं म्हणून तिसऱ्यांदा चोळलं. मी दारातच उभी होते. "बाबा, झालंय ते लावून," एवढे चार शब्द मला बोलायचे होते. वर्गातल्या चाळीस पोरांना मी दिवसातून दहा वेळा चूक म्हणते. इथे मात्र मिठाची गुळणी धरून उभी राहिले.

त्या रात्री बाबा जागेच होते, त्यामुळे आईला मांस धुता आलं नाही. पण सुट्टीचा दिवस मोठा छान गेला, हे सांगायलाच हवं. बाबांचे हात काही विसरले नव्हते. धुराचा रंग त्यांनी अचूक ओळखला, खिडकी केसभर सरकवली. दुपारी मांस हटून बसलं तेव्हा धाकट्याने झाकणाकडे हात नेला, तर त्यांनी त्याच्या हातावर चापट मारली. मला वाटलं, डॉक्टरांचंच चुकलं असेल. माणसाला जे हवं असतं तेच वाटतं.

संध्याकाळी ताटं वाढली. मांसाची साल काळीभोर, आतून गुलाबी, काट्याने ओढलं की सुटून येणारं. बाबा टोकाला उभे राहिले. फडक्याला हात पुसले. "हं, बोला."

मी घास घेतला आणि जीभ पोळल्यासारखी झाली. ते खारट नव्हतं, मीठच होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. आईचे डोळे तर नुसते हात जोडत होते.

"यंदा काही खोट नाही, बाबा," मी म्हणाले. "झकास झालंय."

मग धाकटा म्हणाला, झकास. भावजय म्हणाली, हॉटेलात मिळणार नाही असं. मामांनी घास गिळला, पाणी प्यायले, आणि जन्मात पहिल्यांदा म्हणाले, "वा!"

बाबांनी फडकं खाली ठेवलं. पाण्याचा जग रिकामा झाला होता, त्याच्याकडे बघितलं. मग एकेकाच्या तोंडाकडे. त्यांनी अजून चव घेतली नव्हती. खुर्ची ओढून बसले, लहानसा तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिले.

"किती वेळा लावलं मी मीठ?"

धाकट्याने आईकडे बघितलं. शेवटी आई म्हणाली, "तीनदा."

"तुम्ही बघत होता?"

"हो."

"डॉक्टर काय म्हणाले होते? खरं सांग."

आईने सांगितलं. सगळं, आजाराच्या नावासकट. सांगताना तिचा आवाज हलला नाही, नंतर मात्र ती पदराने तोंड झाकून आत गेली. तिच्यामागे भावजय गेली. मामा ताटातल्या मांसाकडे बघत राहिले.

बाबा रागावतील असं मला वाटलं होतं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते माझ्याकडे वळले आणि अगदी हळू विचारलं, "त्यांचं जाऊ दे गं. तू का?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

त्यांनी मान हलवली. "मला उन्हाळ्यापासून कळतंय, काहीतरी बिनसलंय. शब्द सापडत नाहीत. रस्ते सापडत नाहीत. तुझ्या आईला विचारलं, ती म्हणते अशक्तपणा. धाकट्याला विचारलं, तो म्हणतो वय झालं. म्हटलं, ठीक आहे. सुट्टीत थोरली येईल. तिला दिसलं तर ती सांगेल. ती सांगत नाही म्हणजे काही नाही." त्यांनी ताट बाजूला सरकवलं. "दोन दिवस मी खुशीत होतो. तू काही बोलली नाहीस ना, म्हणून."

मी रडायला लागले. त्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवला, पण बाप मुलीच्या पाठीवरून फिरवतो तसा नाही. शेजारच्या घरातल्या रडणाऱ्या मुलीच्या पाठीवरून फिरवतात, तसा.

"इथून पुढे मला एक माणूस लागणार आहे," ते म्हणाले. "मला वाटतंय ते खरं की खोटं, हे ज्याला विचारता येईल असा. मी तुला धरून चाललो होतो."

"सांगेन बाबा. इथून पुढे सगळं खरं सांगेन. शप्पथ."

"हं," ते म्हणाले. तेवढंच.

मी माझा शब्द पाळला. शाळेतून बदली करून घेतली, त्यांच्या जवळ राहायला आले. त्यानंतर एकदाही, साध्या गोष्टीतही, मी त्यांच्याशी खोटं बोलले नाही. पण आजार आपल्या गतीने जात होता. दोन-तीन महिन्यांत ते जेवण त्यांच्या डोक्यातून गेलं. पुढच्या वर्षी सवत म्हणजे काय तेही गेलं. धाकट्याने ती नेली. मीठ किती वेळा लावलं, कुणी काय म्हटलं, यातलं काही उरलं नाही.

एक मात्र उरलं. मी म्हणायचे, "बाबा, गॅस बंद आहे," की ते उठून स्वयंपाकघरात जाऊन बघायचे. मी म्हणायचे, "गोळी घेतलीत तुम्ही," की ते आईला विचारायचे. आईने अशक्तपणा म्हणून सहा महिने फसवलं होतं, तिचं त्यांना पटायचं. धाकट्याचं पटायचं. शेजाऱ्यांचं, दूधवाल्याचं पटायचं. माझं नाही. का, हे त्यांना सांगता आलं नसतं; मूळ कारणच ते विसरले होते. "असं का हो करता?" मी एकदा चिडून विचारलं. ते गोंधळले, ओशाळले आणि म्हणाले, "मला नाही माहीत."

तिसऱ्या वर्षी माझं नावही गेलं. त्यांना सांभाळायला एक ताई दिवसभर येऊ लागल्या. परवा सकाळी मी त्यांना मोजे घालत होते. त्यांनी विचारलं, "आज सुट्टी आहे का?" मी म्हटलं, "नाही बाबा, आज बुधवार." त्यांनी हसून माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि दारात उभ्या असलेल्या ताईंना हळूच जवळ बोलावलं.

"या बाई फार मायाळू आहेत," ते म्हणाले. "पण खरं काय ते तुम्ही सांगा."

ताई म्हणाल्या, "बुधवारच आहे, आजोबा."

"बरं," ते म्हणाले, आणि त्यांनी दुसरा पाय पुढे केला.