वेगळी शेड

सदतीस वर्षं घोड्यांना नाल ठोकल्यावर नालबंदाने बंद पडलेल्या वीटभट्टीमागची जागा घेतली आणि कामातून उतरलेले घोडे सांभाळायला सुरुवात केली.

"हे वय नातवंडं खेळवायचं," बायको म्हणाली. पण लीद भरायला घमेलं तिनेच आधी उचललं.

नुसत्या मायेवर भागत नाही, हे दोघांना महिन्याभरात कळलं. दात गेलेल्यांना चारा भिजवून द्यावा लागे. पाणी टँकरचं. लीद काढायला एक दिवस उशीर झाला, की माश्यांवरून शेजारी दारात उभे. सहा घोडे झाले तेव्हा जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "नवीन जनावर तीन आठवडे वेगळं. तिथे दयामाया नको." नालबंदाने आवाराच्या टोकाला वेगळी शेड बांधली.

मग करडी घोडी आली. बारा वर्षं तिचे खूर त्यानेच तासले होते. त्याच्या खांद्यावर नाक टेकायची तिची सवय. शेडमध्ये एकटी पडल्यावर ती सारखी खिंकाळे, चाऱ्याला तोंड लावेना. चौथ्या दिवशी त्याला राहवेना. बायको बाहेर गेली होती. त्याने दोर सोडला आणि तिला इतरांत नेलं. ती लगेच खायला लागली.

आठवड्याने तिच्या नाकातून चिकट पू वाहू लागला. तपासणीत निघालेला रोग माणसांनाही लागणारा. आजारी जनावर जिवंत ठेवायचं नाही असा कायदा. सातांपैकी पाच गेले.

त्या सकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "तुम्ही आत बसा."

"मी नसलो तर ते उभे राहणार नाहीत."

हातमोजे घालून, तोंडाला फडकं बांधून त्याने एकेकाचा दोर धरला. करडी शेवटची. तिने नेहमीसारखं नाक त्याच्या खांद्यावर टेकलं. सुई टोचून होईपर्यंत तो हलला नाही.

बायकोने त्याला एका शब्दानेही दोष दिला नाही. त्यानेच तो जास्त खचला.

चार महिन्यांनी एक गाडीवान म्हातारा घोडा घेऊन फाटकाशी आला.

"घेऊ या," बायको म्हणाली. "शेडची किल्ली माझ्याकडे राहील."

"मी मागेन."

"मी देणार नाही."

"मी रडेन. मग देशील."

तिने गाडीवानाला हातानेच नको म्हटलं. गाडीवानाने घोडा वळवला. नालबंद टापा ऐकत उभा राहिला.

"उजव्या पुढच्या पायाचा नाल ढिला झालाय त्याचा," तो म्हणाला, आणि आत गेला.