बरखेड्यातल्या दोन नोंदी

भोपाळ स्टेशनावर उतरले तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. हातात संध्याकाळी पाचपर्यंतचा वेळ होता.

पुण्यात मी लहान संस्थांच्या वेबसाइट आणि ईमेल सांभाळते. भोपाळची ही संस्था अंध विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी लेखनिक मिळवून देते. त्यांच्यापैकी रेणूचा बी.ए.चा पेपर दुसऱ्या दिवशी होता. लेखनिकाचं नाव आदल्या दिवशी पाचच्या आत, संस्थेच्याच पत्त्यावरून मेलने कळवायचं, असा कॉलेजचा नियम. संस्थेने तीन मेल पाठवल्या, तिन्ही वाटेतच अडल्या. कागदी पत्र तिथल्या बाबूंनी परत केलं. संस्थेचे चिटणीस देवकाका पासवर्ड फोनवर सांगायला तयार नव्हते. त्यांचं बरोबरच होतं. मी तिकीट काढलं.

"बरखेड़ा? मायका है क्या?" रिक्षावाल्याने विचारलं.

"काम है।"

"फिर सीधे चलते हैं। मायका होता तो तालाब घुमाके ले जाता!"

बरखेडा म्हणजे कारखान्याची वसाहत. रुंद रस्ते, एकसारखी क्वार्टर्स, दारोदार पेरूची झाडं. काका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झालेले; आता लेकीच्या क्वार्टरमध्ये राहतात. भोपाळच्याच शिवाजी नगरहून रेणूही येऊन बसली होती.

"आधी पोहे," काका म्हणाले. वर जीरावन (आंबट-तिखट मसाला) आणि शेजारी जिलेबी. मी दोनदा घेतले.

मग संगणक उघडला, काकांनी स्वतः पासवर्ड घातला. आपल्या नावाने मेल कोणत्या सर्व्हरने पाठवावी, याची एक नोंद डोमेनवर, म्हणजे संस्थेच्या इंटरनेटवरच्या नावापुढे, ठेवावी लागते. तिला एसपीएफ म्हणतात. इथे दोन होत्या.

"काका, दोन कशाला?"

"एक जुन्या मेल कंपनीची, एक नवीची. आमच्याकडे जुना नकाशा फाडत नाहीत, ताई. 'रद्द'चा शिक्का मारून ठेवतात."

"इथे शिक्का नाही. दोन दिसल्या की समोरचा सर्व्हर एकही मानत नाही."

रेणू हसली. "म्हणजे माझा पेपर तुमच्या नकाशात अटकला होय!"

"अटकला खरा," काका म्हणाले. "चूक माझीच."

तरीही पुसायला त्यांचं मन होईना. त्यांनी जुनी नोंद अक्षर न् अक्षर वहीत उतरवली, लाल शाईने 'रद्द' लिहिलं, सही केली. वीस मिनिटं गेली. मी घाई केली नाही.

"हां, आता पुसा."

पुसली. मेल खरंच आपली आहे हे पटवणाऱ्या, नव्या कंपनीच्या डिजिटल सहीची किल्लीही राहून गेली होती, ती नोंदवली. बदल सगळीकडे दिसायला तासभर लागतो. तेवढ्यात रेणूने मला एक उत्तर लिहायला लावून सराव केला. ती स्वल्पविरामसुद्धा सांगते.

दीड वाजता माझ्या पत्त्यावर पाठवलेली चाचणीची मेल नीट आली. लगेच कॉलेजला पत्र गेलं. पावणेचारला उत्तर आलं: लेखनिक मंजूर. रेणूने ते काकांकडून दोनदा वाचून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी परतीची गाडी धरली. खंडव्याला चहा घेत होते, तेवढ्यात रेणूचा फोन.

"मावशी, लेखनिक ताईचा हात दुखून आला बिचारीचा! तीन तास मी थांबलेच नाही."

मेल पोचायला लागली की ती दुरुस्त करणाऱ्याची आठवण कुणाला राहत नाही, आणि राहू नये. पण आपण पाठवलेलं पत्र कुठवर गेलं, हे या खेपेला मला स्वतःच्या कानांनी ऐकायला मिळालं. घरी पोचल्यावर बॅग उघडण्याआधी काकांना आणि रेणूला आभाराचं पत्र लिहिलं, मेलवर. पाच मिनिटांत, संस्थेच्या पत्त्यावरून, काकांची पोच आली.