खापरं वाचणाऱ्या बाई

“घाईत लिहिलंय, सावकाश वाचा,” असं म्हणत बाई आमच्या बुइटनव्हेल्डर्ट या डच उपनगरातल्या इमारतीतली लिफ्टजवळची सूचनासुद्धा भिंग काढून वाचायच्या. मागे शेजारी खोळंबलेले असायचे. बाईंना त्याचं काही नसे.

इजिप्त म्हटलं की तुम्हाला पिरॅमिड आठवतात; मलाही तेच आठवायचे. बाईंनी मात्र उभा जन्म घातला तो फुटक्या खापरांवर. राजांची थडगी खोदणारे कामगार त्यांवर एकमेकांना निरोप लिहीत. पुण्याहून संस्कृतच्या अभ्यासासाठी इकडे आलेल्या बाई एकदा संग्रहालयात असं एक खापर बघून थबकल्या आणि कायमच्या तिथेच अडकल्या. राजे सोडून या कचऱ्यात काय शोधतेस, असं त्यांना सगळ्यांनी विचारलं. आज तो कचरा वाचायला शिकणारे बाईंच्या पुस्तकापासूनच सुरुवात करतात.

त्यांनी वाचलेला सर्वांत गाजलेला निरोप एका बायकोचा होता. ‘मी घर सोडून चालले,’ असं तिने नवऱ्याला कळवलेलं. बाई तिच्याविषयी सख्ख्या मैत्रिणीसारख्या बोलायच्या.

एकदा मी त्यांना गाडीने लायडनला व्याख्यानाला नेलं. बोलणारी त्यांचीच जुनी डच विद्यार्थिनी होती. तिने पडद्यावर तेच खापर दाखवलं आणि चाचरत सांगितलं, की यातली एक खूण चुकीची वाचली गेली आहे. बायको घर सोडत नव्हती, नवऱ्याला घरी बोलावत होती.

सगळं सभागृह बाईंकडे बघू लागलं. बाई काठी टेकत पडद्याजवळ गेल्या, चित्र मोठं करायला लावलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग वळून म्हणाल्या, “हिचं बरोबर आहे. मी चुकले.”

परतताना गाडीत बाई म्हणाल्या, “बिचारी त्याची वाट बघत होती रे. आणि मी इतकी वर्षं तिला घराबाहेर काढून बसले.” त्यांनी डोळे पुसले आणि मग हसल्याही.

पुढे त्यांची नजर गेली. तेव्हा तीच विद्यार्थिनी दर शनिवारी येऊ लागली. नव्या खापरांवरच्या रेघा कुठून कुठे वळतात हे ती तोंडी सांगायची, बाई त्या बोटाने टेबलावर गिरवायच्या आणि शब्द सांगायच्या. मी चहा घेऊन गेलो की तिथेच रेंगाळायचो.

या वसंतात बाई गेल्या. त्याआधीच्या शनिवारी त्यांचं बोट एकाच खुणेवर पुन्हा पुन्हा फिरत होतं. बऱ्याच वेळाने त्यांनी चाचपडत विद्यार्थिनीचा हात शोधला आणि टेबलावर त्या जागी आणून ठेवला.

“हे मला येत नाही,” त्या अगदी आनंदाने म्हणाल्या. “आता तू सांग.”