आप्पांनी केलेली जागा

वडगावात आमच्या घरी पोरांचे दुधाचे दात पाडायचं काम वडिलांचं, आप्पांचं. घरातल्या हातमागावरचं रेशीम तोडायचं, दाताला दोन वेढे घालायचे, ‘ती बघ पाल’ म्हणून वर बघायला लावायचं आणि हिसडा. गल्लीतली पोरंसुद्धा यायची. आप्पांना त्याचा भारी तोरा.

मी आठ वर्षांची असताना माझे पुढचे दात दाटीवाटीनं, वाकडे येऊ लागले. आप्पांनी वरचे दोन्ही दुधाचे सुळे, जरासुद्धा हलत नसताना, दोन दिवस हलवून हलवून ओढून काढले. "जागा केली गं, आता सरळ येत्यात बघ." उजवा सुळा पुढं उशिरा का होईना, आला. डावा आलाच नाही.

सातवीत शाळेत दातांची तपासणी झाली. एक्स-रे काढून घ्या, अशी चिठ्ठी मिळाली. आप्पांनी ती वाचली, चार घड्या घातल्या आणि डुगडुगणाऱ्या मागाच्या पायाखाली सरकवली. "एका दातावाचून काय अडतंय?" पण लग्नाकार्यात फोटो काढताना हेच आप्पा ओरडायचे, "ओठ मीट गं." हसताना तोंडावर हात धरायची माझी सवय तेव्हापासूनची. मी ते विसरलेले नाही, विसरायची इच्छाही नाही.

नोकरी लागल्यावर मी खडेबाजारातल्या एका दवाखान्यात गेले. आप्पा न बोलावता स्कूटरवर मागे बसले. एक्स-रेत माझा सुळा टाळूकडं खुशाल आडवा पडलेला दिसला. शेजारच्या दाताचं मूळ त्यानं अर्धं खाल्लं होतं.

"कशामुळं झालं म्हणायचं मॅडम हे?" आप्पांनी विचारलं.

डॉक्टरबाई सांगत गेल्या. कुणाचा जबडाच अरुंद असतो. कधी घराण्यातून येतं. कधी दुधाचा दात वेळेवर पडत नाही, तर कधी फार लवकर जातो आणि शेजारचे दात सरकून त्याची जागा बळकावतात. "नेमकं काय झालं, ते आता सांगता येणार नाही. पण बाराव्या-तेराव्या वर्षी आणलं असतं तर सोपं होतं. आता हिरडी कापून दाताला साखळी लावायची आणि वर्षभर हळूहळू ओढायचा. शेजारचा वाचेल याची खात्री देत नाही."

एवढ्या सगळ्यातून आप्पांनी घराण्याचं तेवढं उचललं. "हिच्या आईकडं समद्यांचीच तोंडं लई बारीक." आईला जाऊन चार वर्षं झाली होती, तरी खापर तिच्याच डोक्यावर. माझं डोकं फिरलं.

बाहेर स्कूटरपाशी आप्पा अडखळत म्हणाले, "माझ्यामुळं तर न्हाय नव्हं गं झालं?"

मी ‘न्हाय’ एवढंच म्हटलं असतं तरी भागलं असतं. डॉक्टरबाईंनी तसं म्हणायला वाट करून दिली होती.

मी म्हटलं, "सातवीतली चिठ्ठी वाचलासा नव्हं तुम्ही, आप्पा?"

आप्पांनी तोंडावर हात धरला, मी धरते तसाच. खरं सांगते, मला बरं वाटलं.