मे महिन्यातली गोळी

“तेव्हा थंडी होती का?”

काहीही सांगा, काकूंचा पहिला प्रश्न हाच. दूध नासलं, थंडी होती का? स्कूटर चालू होईना, थंडी होती का? माझे यजमान फ्रीगंजच्या बाजारात घसरून पडले, पाय प्लास्टरमध्ये, आणि काकू पोह्यांवर शेव भुरभुरत विचारतात, थंडी होती का! मी वैतागून म्हणाले, “काकू, पाय मोडलाय त्यांचा. मी काय हवामान खातं उघडलंय?” त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. “तरी सांग,” म्हणाल्या.

तुमच्याही गल्लीत असेल असं एखादं माणूस, सारखं एकाच गोष्टीवर येणारं. काकू माधव नगरात आमच्या समोरच राहायच्या. सरकारी प्रयोगशाळेतून रिटायर झालेल्या. तिथे बंदुका आणि गोळ्या तपासायच्या. आम्ही बायका हौसेनं विचारायचो, आणि त्या मेथी निवडता निवडता सांगायच्या.

“सायलेन्सर लावला म्हणजे बंदूक मुकी झाली, असं नसतं गं. आवाज दोन असतात. एक नळीचा, तो सायलेन्सर दाबतो. दुसरा गोळीचा स्वतःचा. गोळी आवाजाच्या पुढे पळाली की हवेत कडाक् होतं. ते कुणाच्या बापाला दाबता येत नाही.”

“आणि थंडीचं काय?”

“थंडीत आवाज हळू चालतो. मे महिन्यात जी गोळी आवाजाच्या जराशी मागे राहते, तीच जानेवारीत त्याला मागे टाकते. बंदूक तीच, गोळी तीच. उन्हाळ्यात गप्प, थंडीत कडाक्.”

एवढं ऐकून आम्ही आपापल्या घरी जायचो. एकदा मात्र त्यांनी पुढचंही सांगितलं, त्याच आवाजात.

भैरवगढला कपड्यावर ठसे छापणारी एक बाई. जानेवारीतल्या एका सकाळी तिच्या नवऱ्याला नदीकाठी कोणीतरी गोळी घातली. बाई जवळच होती. कोर्टात म्हणाली, कडाक् आवाज आला, वळून पाहिलं, तर हाच माणूस पळत होता. बंदूक सापडली ती सायलेन्सरसकट. त्या माणसाचा वकील म्हणाला, मग हिला आवाज आलाच कसा? ही तिथे नव्हतीच. बंदूक काकूंकडे तपासायला आली, तेव्हा मे उजाडला होता. काकूंनी चालवून पाहिली. कडाक् काही आलं नाही. तसं त्यांनी लिहून दिलं. बाई खोटी ठरली, माणूस सुटला.

“मी खोटं नाही लिहिलं,” काकू म्हणाल्या. “फक्त तेव्हा थंडी होती का, ते विचारलं नाही.”

पुढच्या थंडीत दुसऱ्या कामासाठी तसल्याच बंदुकीतून, सायलेन्सर लावून, तसल्याच गोळ्या झाडल्या, आणि कडाक्! त्यांनी वर लिहिलं. फाइल बंद झाली होती, ती बंदच राहिली.

मला वाटलं, आता रडतील. त्यांनी मेथीची देठं गोळा केली आणि त्या उठल्या.

या मे महिन्यात काकू गेल्या. ऊन मी मी म्हणत होतं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण काहीच वाटेना. तेवढ्यात काकूंच्या दारात एक बाई आली. नखांत निळा रंग, हातात छापील चादर. भैरवगढची, हे तिनं न सांगताच मी ओळखलं. आता ही इथे काय बोलणार, देव जाणे.

“सब बोले, तूने कुछ नहीं सुना,” ती मला म्हणाली. डोळे कोरडेच. “सुन-सुनके मैं भी मान गई थी। लगा, मैं ही पगली हूँ। फिर मैडम आईं। चौखट पे खड़ी-खड़ी बोलीं, तूने सुना था, गलती मेरी है। उसके बाद हर जनवरी आती थीं। चुपचाप बैठती थीं, बस।”

तिने चादर काकूंच्या अंगावर घातली. मागून कोणीतरी म्हणालं, “अहो, एवढ्या उकाड्यात चादर कशाला?”

“असू द्या,” मी म्हणाले, आणि ती काकूंच्या खांद्यांपर्यंत नीट ओढली.